चूल पेटवली की धूर घरातच परततो: काय तपासायचं आणि कोणत्या क्रमाने

ही माहिती चार ठिकाणांना लागू पडते. नवी मुंबईतल्या घणसोली, कोपरखैरणे, दिवाळे अशा गावठाणांत मागच्या पडवीत असलेली भाकरीची चूल, ठाण्याजवळच्या येऊरच्या पाड्यांवरची चूल-वैल (वैल म्हणजे चुलीला जोडलेलं दुसरं भोक), 'चुलीवरचं जेवण' देणाऱ्या ढाब्यांची मोठी चूल आणि आंघोळीचं पाणी तापवणारा बंब. चारही ठिकाणी तक्रार एकच असते: धुराडं बसवलेलं आहे, तरी धूर चुलीच्या तोंडातून बाहेर येतो, डोळे चुरचुरतात, माळा काळा होतो.

बहुतेक जण पहिला उपाय म्हणून पाइप उंच करतात. पत्रेवाल्याला पैसे जातात आणि धूर तसाच राहतो. बिघाड पाइपात असण्यापेक्षा लाकडात, खिडकीत किंवा एक्झॉस्ट पंख्यात असण्याची शक्यता जास्त असते. म्हणून खालचा क्रम पाळा. आधी फुकटातल्या तपासण्या, मग काही रुपयांच्या, आणि छपराला हात सगळ्यात शेवटी.

लक्षणं

धूर केव्हा येतो यावरून अर्धं निदान होतं. दोन-तीन दिवस नुसतं पाहा आणि वेळ लिहून ठेवा.

- पेटवताना पाच-दहा मिनिटं येतो, मग थांबतो: पाइप थंड आहे किंवा लाकूड ओलं आहे.
- दार लावलं किंवा पंखा सुरू केला की येतो: घरात बाहेरची हवा शिरायला वाट नाही.
- सकाळी ठीक असतो, दुपारनंतर खाडीकडचा वारा सुटला की येतो: टोपी, पाइपाची उंची किंवा शेजारची इमारत.
- कालपर्यंत ठीक होता, आज अचानक यायला लागला: घरटं, सरकलेली टोपी, गळून पडलेली काजळी.
- हळूहळू, महिन्यागणिक वाढत गेला: पाइप आतून भरत आलाय.
- सांध्यातून काळं, चिकट पाणी गळतं: ओलं लाकूड आणि थंड पाइप, दोन्ही.
- नवीन चूल घातल्यापासून कायमच येतो: व्यास किंवा वळणं चुकली आहेत.

माणसांची लक्षणं वेगळी पाहा आणि ती चुलीच्या लक्षणांपेक्षा गंभीर माना. स्वयंपाक करणाऱ्या बाईला रोजचा खोकला, सकाळी काळसर कफ, चढ चढताना लागणारा दम. लहान मुलांना वरचेवर होणारा न्यूमोनिया. डोळ्यांतून सतत पाणी. वर्षानुवर्षांच्या धुराने फुप्फुसांचा दीर्घ आजार, हृदयविकार, पक्षाघात, फुप्फुसाचा कर्करोग आणि मोतीबिंदू यांचा धोका वाढतो. घरातल्या इंधनाच्या धुरामुळे २०२० साली जगभरात सुमारे ३२ लाख मृत्यू झाले, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. अंगवळणी पडलेला खोकला हा आजारच असतो, तो डॉक्टरांना सांगायला हवा.

आणि एक लक्षण असं आहे की ते दिसलं तर पुढचं काही वाचत बसू नका. घरातल्या दोघा-तिघांचं एकाच वेळी डोकं दुखतंय, मळमळतंय, गरगरतंय, ताप मात्र नाही आणि अंगणात गेल्यावर बरं वाटतं, तर तो कार्बन मोनॉक्साईड असू शकतो. त्याला वास नाही, रंग नाही. सगळ्यांना बाहेर काढा, जाता जाता दारं-खिडक्या उघडा, १०८ ला फोन करा. कोणी झोपाळलेलं, बरळणारं किंवा बेशुद्ध असेल तर एक मिनिटही थांबू नका.

दवाखान्यात 'घरात चूल पेटलेली होती' हे वाक्य आधी सांगा. बोटाला लावायचा ऑक्सिमीटर इथे फसवतो: रक्तात ऑक्सिजनच्या जागी कार्बन मोनॉक्साईड बसलेला असला तरी तो ९८-९९ दाखवू शकतो. खरं चित्र रक्ताच्या वेगळ्या तपासणीत कळतं. साध्या हवेत हा वायू रक्तातून निम्मा व्हायला चार ते पाच तास लागतात, शुद्ध ऑक्सिजनवर साधारण तास-दीड तास. म्हणून 'बाहेर बसलो की उतरेल' असं म्हणून घरी थांबायचं नाही.

पहिली तपासणी: एक उदबत्ती

चूल पूर्ण थंड असताना करा. स्वयंपाकाच्या वेळी असतात तशीच दारं-खिडक्या ठेवा. पेटती उदबत्ती चुलीच्या तोंडाशी, आत चार बोटं धरा. भांडी ठेवायची भोकं तव्याने किंवा ताटाने झाका. धुराची रेघ आत पाइपाकडे वळली तर पाइप ओढतोय. रेघ सरळ वर गेली तर ओढ नाही. रेघ बाहेर, तुमच्या तोंडाकडे आली तर पाइपातून हवा खाली उतरतेय, आणि अशा चुलीत जाळ केला की धूर घरात येणारच.

मग एकेक गोष्ट बदला आणि दर वेळी उदबत्ती पुन्हा धरा. पंखा बंद. पंखा सुरू. मागचं दार उघडं. जिन्याचं दार बंद. ज्या बदलाने रेघेची दिशा फिरते, तिथे दोष आहे. या तपासणीला दहा मिनिटं लागतात, आणि पाइप उंच करण्याचा खर्च यातच वाचतो.

दुसरी: घरात हवा कुठून येते

पाइपातून जेवढी हवा बाहेर जाते तेवढी घरात कुठून तरी आलीच पाहिजे. वाट नसेल तर ती पाइपातूनच खाली येते.

पाइपाची ओढ किती नाजूक असते ते आकड्यांत पाहा. बाहेर ३० अंश आणि पाइपात सरासरी १५० अंश तापमान धरलं तर दर मीटर उंचीला साधारण सव्वातीन पास्कल दाब मिळतो. तीन मीटरच्या पाइपाला दहा पास्कलच्या आत-बाहेर. तोच पाइप शून्य अंशाच्या थंड प्रदेशात मीटरला साडेचार पास्कल देईल. म्हणजे आपल्याकडच्या उबदार हवेत धुराड्याची ओढ मुळातच पाव हिश्शाहून अधिक कमी असते. उलट, खोली बंद असेल तर नऊ इंची एक्झॉस्ट पंखा सहज याहून जास्त दाबाने हवा खेचतो. पंखा आणि पाइप यांच्या ओढाताणीत पंखाच जिंकतो. 'धूर होतो म्हणून पंखा लावला' हे कित्येक घरांत धुराचं कारण असतं.

करायचं ते असं. चूल पेटलेली असेपर्यंत पंखा बंद ठेवा, किंवा पंखा लावायचाच असेल तर चुलीच्या जवळची खालची खिडकी किंवा दार पूर्ण उघडा. कायमची सोय हवी असेल तर वाऱ्याच्या बाजूच्या भिंतीत, जमिनीपासून फूटभराच्या आत, किमान ६ बाय ६ इंचांची जाळी ठेवा. चार इंची पाइपाचं तोंड साडेबारा चौरस इंच असतं आणि जाळी ३६, तरी ती मोठी वाटू देऊ नका: जाळीच्या पट्ट्या निम्मी वाट अडवतात, वर डासांची जाळी मारली की आणखी कमी होते. डासांची जाळी महिन्यातून एकदा धुवा. तिच्यावर तेलकट धूळ बसते आणि ती बुजते.

गावठाणात अलीकडे एक नवी भानगड दिसते. बैठ्या घरावर एक-दोन मजले चढले, जिना आतूनच काढला. आता तो जिनाच धुराड्याचं काम करतो: वरच्या मजल्याच्या खिडक्या उघड्या असल्या की खालची हवा जिन्यातून वर जाते आणि चुलीचा धूर तिच्यामागे. वरच्या खोलीत झोपणाऱ्याला धुराचा वास येत असेल तर हेच घडतंय. जिन्याला खालच्या बाजूने घट्ट बसणारं दार लावा आणि चूल पेटलेली असताना ते बंद ठेवा. खर्च एका दाराचा आहे, फरक मोठा पडतो.

तिसरी: लाकूड

सगळ्यात जास्त धूर इथून येतो आणि इथेच सगळ्यात कमी लक्ष दिलं जातं.

ताज्या तोडलेल्या लाकडात वजनाच्या निम्म्याच्या आसपास पाणी असतं. जाळायला ते २० टक्क्यांच्या खाली हवं. पाच किलो ओल्या सरपणात दोन लिटर पाणी असेल तर ते आधी वाफ होतं, जाळ थंड पडतो, लाकडातून सुटलेला वायू जळत नाही, आणि तोच पांढरा, डोळ्यांना झोंबणारा धूर. शिवाय पाइप तापत नाही, म्हणजे ओढही पडते.

ओळखायचं कसं? दोन लाकडं एकमेकांवर आपटा: सुकं खणकन वाजतं, ओलं ठप्प आवाज करतं. जळताना टोकाला फेस येतो, सूं आवाज येतो, ते ओलं. टोकाला मध्यापासून बाहेर जाणाऱ्या भेगा असतील तर सुकत आलंय. आकड्यात हवं असेल तर अंगठ्याएवढ्या जाडीच्या ५०० ग्रॅम ढलप्या तोलून घ्या, निवत असलेल्या चुलीच्या भाणसावर (कट्ट्यावर) दोन दिवस ठेवा आणि पुन्हा तोला. ५० ग्रॅमहून जास्त घट आली तर ते सरपण अजून जाळायचं नाही. दोन सुयांचा ओलावामापकही मिळतो. तो लाकूड फोडून आतल्या ताज्या बाजूला टोचायचा, सालीवर टोचलेला आकडा खोटा असतो.

आपल्याकडची खरी अडचण पावसाळ्याची आहे. जुलै-ऑगस्टमध्ये हवेतली आर्द्रता ८५-९० टक्क्यांच्या घरात असते. अशा हवेत छपराखालचं चांगलं सुकलेलं लाकूडसुद्धा ओलावा शोषून १८-२० टक्क्यांवर येऊन थांबतं. म्हणजे पावसाळ्यात लाकूड सुकत नाही, सुकलेलं टिकवावं लागतं. दिवाळीनंतर तोडा, मनगटापेक्षा जाड राहणार नाही असं फोडा, मेअखेरपर्यंत उन्हात ठेवा आणि जूनच्या पहिल्या पावसाआधी आत घ्या. रचताना खाली सहा इंच मोकळं, वर पत्रा, बाजू उघड्या. ताडपत्रीने चारी बाजूंनी गुंडाळलं तर आत घाम धरतो आणि बुरशी येते. ती बुरशी घरात आणणं दम्याच्या माणसाला वेगळाच त्रास देतं. दोन दिवसांचं सरपण चुलीजवळ ठेवा, पण जाळापासून किमान तीन फूट लांब.

पावसाळ्यात वादळाने पडलेले गुलमोहर आणि पर्जन्यवृक्ष ठाण्यात जागोजागी कापले जातात आणि त्यांचे ओंडके फुकट मिळतात. घ्यायला हरकत नाही, पण ते पुढच्या वर्षीचं सरपण आहे. त्याच आठवड्यात चुलीत गेलं की धूर ठरलेला. ओंडका न फोडता ठेवला तर वर्षानेही आतून ओलाच राहतो.

काय अजिबात जाळायचं नाही, ते स्पष्ट सांगतो. प्लायवूड, एमडीएफ, सनमायका लावलेले तुकडे, रंगवलेल्या जुन्या खिडक्या-दारं. यांतल्या गोंदातून फॉर्मल्डिहाइड आणि जुन्या रंगातून शिसं धुरात येतं, आणि राख भांडी घासायला वापरली तर हातातही. तुर्भे, तळोजा, वागळे इस्टेट भागातून पॅकिंगचे पॅलेट स्वस्तात मिळतात. त्यांच्यावर भाजून छापलेला शिक्का पाहा. 'एच.टी.' म्हणजे उष्णता देऊन प्रक्रिया केलेलं, ते चालेल, पण तेल किंवा रसायन सांडल्याचे डाग नकोत. 'एम.बी.' म्हणजे मिथाइल ब्रोमाइड या कीटकनाशकाची धुरी दिलेलं, ते चुलीत घालू नका. शिक्काच नसेल तरी नको. चूल पेटवायला प्लास्टिकची पिशवी, दुधाची रिकामी पिशवी, थर्माकोल, टायरचा तुकडा वापरण्याची सवय आजच बंद करा. त्या पहिल्या दोन मिनिटांचा धूर दिवसभराच्या लाकडी धुराहून विषारी असू शकतो, आणि तेव्हा माणूस फुंकणी घेऊन चुलीवर वाकलेला असतो.

चौथी: राख आणि पेटवण्याची पद्धत

राख तळाशी दोन बोटांपेक्षा जास्त साचली की खालून हवा शिरत नाही. रोज काढा, पत्र्याच्या डब्यात काढा आणि डबा झाकून बाहेर ठेवा. राखेतले निखारे दुसऱ्या दिवशीही जिवंत असतात.

पेटवताना आधी पाइप तापवा. पाइपाच्या बुडाला साफसफाईचं झाकण असेल तर तिथे सुका पालापाचोळा किंवा वर्तमानपत्राचं एक पान जाळा, मिनिटभर. थंड पाइपातली जड हवा हलते आणि मग चुलीतला धूर तिच्यामागे जातो. झाकण नसेल तर बारीक सुक्या काटक्यांचा छोटा, झगझगीत जाळ करा. जाड लाकूड त्यानंतर. ज्या भोकावर भांडं नाही ते झाकून ठेवा, वैलही.

पाचवी: काजळी आणि अडथळे

चूल किमान बारा तास थंड असली पाहिजे. एन-९५ मुखपट्टी, चष्मा, जुने कपडे. बुडाचं झाकण उघडून आरसा तिरपा धरा आणि भर दुपारी वर पाहा. उजेडाचा पूर्ण गोल दिसला तर वाट मोकळी. अर्धा दिसला तर वळणात काजळी. काहीच दिसलं नाही तर घरटं, किंवा टोपी खाली बसलेली.

चार इंची पाइपात चहूबाजूंनी अर्धा इंच काजळी जमली तर वाट तीन इंचांची उरते. ऐकायला एकच इंच कमी झाला, पण तोंडाचं क्षेत्रफळ ४४ टक्के घटतं. एका जागी तीन मिलिमीटरपेक्षा जाड थर दिसला की साफ करा. रोजच्या चुलीला कोरड्या दिवसांत महिन्यातून एकदा, पावसाळ्यात दर पंधरवड्याला पाहणं पुरेसं असतं.

खालूनच साफ करा. लवचिक दांड्याला पाइपाच्या व्यासाचा ताठ ब्रश लावा, किंवा बांबूच्या टोकाला गोणपाट घट्ट बांधा. चुलीची तोंडं ओल्या गोणपाटाने बंद करा, नाहीतर सगळी काजळी स्वयंपाकघरात. पाइप बाहेरून हातोडीने ठोकू नका, सांधे निसटतात.

काजळी भुसभुशीत निघाली तर चिंता नाही. ती चकाकणारी, डांबरासारखी घट्ट असेल तर ओरबाडत बसू नका आणि 'मोठा जाळ करून जाळून टाकू' असं तर मुळीच करू नका. तो थर पेटला की पाइप लाल होतो, आतून घोंघावणारा आवाज येतो आणि वासे पेट घेतात. असं झालंच तर चुलीची तोंडं पत्र्याने बंद करून हवा तोडा, पाइपात पाणी ओतू नका (तापलेला पाइप फुटतो आणि वाफ अंगावर येते), घर रिकामं करा आणि १०१ ला फोन करा.

पावसाळ्यात किंवा सुट्टीत चूल महिनाभर बंद राहिली असेल तर पुन्हा पेटवण्याआधी ही तपासणी चुकवू नका. पक्षी आणि मधमाश्या रिकाम्या पाइपात घर करतात. येऊरला माकडं टोप्या वाकवतात आणि उचकटतात. तिथे टोपी तारेने न बांधता तीन पट्ट्या रिव्हेटने पक्क्या करून बसवा.

सहावी: टोपी, उंची, वारा

टोपी पाइपाच्या अगदी जवळ बसवलेली असते, पाऊस येऊ नये म्हणून. चार इंची पाइपावर एक इंच फट ठेवली तर बाहेर पडायची वाट पाइपाच्या तोंडाएवढीच होते, आणि काजळीने ती लगेच कमी होते. दोन इंच ठेवा. टोपीचा घेर पाइपापेक्षा चार-पाच इंचांनी मोठा असला की पाऊस आत येत नाही. टोपीखाली बारीक जाळी लावू नका, ती काजळीने पंधरा दिवसांत बंद होते. पक्ष्यांसाठी लावायचीच असेल तर अर्धा इंची चौकटीची.

पाइपाचं तोंड छपरातून बाहेर पडतं तिथून तीन फूट वर, आणि आजूबाजूच्या दहा फुटांतल्या कोणत्याही भागापेक्षा दोन फूट वर असायला हवं. आढ्याच्या खाली, वळचणीजवळ काढलेला पाइप वाऱ्याच्या एका दिशेला चालतो आणि दुसऱ्या दिशेला उलटा फुंकतो. नवी मुंबईत सकाळी डोंगराकडचा मंद वारा आणि दुपारनंतर खाडीकडचा, असा बदल बऱ्याच दिवसांत होतो. 'सकाळी चालते, दुपारी धुरते' याचं कारण इथे शोधा.

शेजारी चार मजली इमारत उभी राहिली असेल तर गोष्ट वेगळी. इमारतीवरून येणारा वारा मागच्या बाजूला खाली कोसळतो आणि त्याच पट्ट्यात तुमचा पाइप असतो. पाच-सात फूट उंची वाढवून हे सुटत नाही, आणि सुटलं तरी तो धूर शेजाऱ्यांच्या तिसऱ्या मजल्याच्या खिडकीत जातो. इथे आमचं मत ठाम आहे: पाइपावर खर्च करू नका, चूल मोकळ्या अंगणात, दोन बाजू उघड्या असलेल्या छपराखाली न्या, आणि रोजचा चहा, दूध, आंघोळीचं पाणी यांना गॅस किंवा वीज वापरा.

सातवी: व्यास आणि वळणं

चुलीच्या तोंडाची रुंदी आणि उंची इंचांत मोजून गुणाकार करा. त्याला आठाने भागा. उत्तर पाइपाच्या क्षेत्रफळाएवढं किंवा त्याहून लहान हवं. आठ बाय आठ इंचांचं तोंड म्हणजे ६४, भागिले आठ म्हणजे आठ. चार इंची पाइप साडेबारा चौरस इंचांचा, म्हणजे पुरतो. ढाब्याच्या चुलीचं तोंड १४ बाय १२ असेल तर २१ चौरस इंच लागतात, तिथे चार इंची पाइप कितीही उंच केला तरी धूर येणारच. सहा इंची, म्हणजे सुमारे २८ चौरस इंच, हाच उपाय. किंवा तोंड विटा लावून लहान करा, तो सोपा मार्ग आहे आणि लाकूडही कमी लागतं.

वळणं दोनपेक्षा जास्त नकोत. काटकोनाच्या एका कोपऱ्याऐवजी ४५ अंशांचे दोन तुकडे वापरा. आडवा भाग दीड फुटाच्या आत आणि तोही वर चढता.

पाइप कशाचा आहे तेही पाहा. पीव्हीसीचा एक तुकडादेखील कुठे नको, छपराबाहेरसुद्धा. जस्ताचा मुलामा असलेला पाइप वर चालतो, पण चुलीला लागून असलेले पहिले दोन फूट साध्या काळ्या लोखंडाचे घ्या. जस्त ४१९ अंशांना वितळतं आणि त्याआधीच मुलामा खराब होऊ लागतो.

धूर थांबला, मग हवा चांगली झाली का

नाही, एवढ्यावरून ठरत नाही. धूर सगळ्यात कमी दिसतो तो निखाऱ्यांच्या वेळी, आणि कार्बन मोनॉक्साईडचा धोका तेव्हाच मोठा. स्वयंपाक झाल्यावर पंखा लावून, दारं बंद करून निखारे तसेच सोडणं ही चूक घरोघरी होते. निखारे विझेपर्यंत वाट उघडी ठेवा, किंवा ते झाकणाच्या लोखंडी डब्यात घालून बाहेर ठेवा.

बाळ-बाळंतिणीची शेगडी याहून धोक्याची. बाजेखाली निखारे, वर शेपा-ओवा-वावडिंगाची धुरी, खोलीची दारं-खिडक्या बंद, थंडी वाजू नये म्हणून फटींना कापड. आईबाळाच्या काळजीने केलेली ही गोष्ट आहे, म्हणून ती प्रेमाने पण ठामपणे थांबवायला हवी. ऊब हवी तर गरम पाण्याची पिशवी द्या. पावसाळ्यात लंगोट, दुपटी सुकवायला खोलीत पेटती शेगडी ठेवून वर टोपली पालथी घालतात, तेही त्याच कारणासाठी नको. कपडे सुकवा, पण शेगडी पडवीत ठेवून.

कार्बन मोनॉक्साईडचा अलार्म घेत असाल तर त्यावर युरोपीय मानक 'ई.एन. ५०२९१' छापलेलं पाहा. तो ५० पीपीएमला (हवेच्या दहा लाख भागांत ५० भाग वायू) तास ते दीड तासाने, १०० ला दहा ते चाळीस मिनिटांत आणि ३०० ला तीन मिनिटांच्या आत वाजतो. म्हणजे तो जीव वाचवतो, रोजच्या हवेचा दर्जा सांगत नाही: जागतिक आरोग्य संघटनेची २४ तासांची मर्यादा साडेतीन पीपीएमच्या आसपास आहे. चुलीपासून तीन ते दहा फुटांवर, डोक्याच्या उंचीला एक, आणि झोपायच्या खोलीत दुसरा. सेन्सरची मुदत मागे छापलेली असते, ती संपली की अलार्म बदलायचा.

धूलिकण मोजणारं छोटं यंत्र उपयोगाचं आहे, पण पावसाळ्यात दमट हवेचे थेंब ते धूळ म्हणून मोजतं. म्हणून एकदा अंगणात आणि एकदा आत मोजा, फरक पाहा. पीएम २.५ ची (अडीच मायक्रॉन किंवा त्याहून बारीक धूलिकणांची) २४ तासांची भारतातली मर्यादा घनमीटरला ६० मायक्रोग्रॅम, जागतिक आरोग्य संघटनेची २०२१ पासून १५. धुरणाऱ्या चुलीजवळ आकडा हजाराच्या वर सहज जातो. हवाशुद्धीकरण यंत्र किंवा एन-९५ मुखपट्टी कार्बन मोनॉक्साईड अडवत नाही.

फ्लॅटमध्ये बाथरूमच्या आत बसवलेल्या गॅस गीझरलाही हेच नियम. तो बाथरूमबाहेर, मोकळ्या हवेत हवा.

पाच वर्षांखालचं मूल, गर्भवती, दमा किंवा हृदयरोग असलेलं कोणी घरात असेल तर चूल कितीही नीट ओढत असली तरी ती घराबाहेर असावी. चांगलं धुराडंसुद्धा धूर घराभोवती सोडतं आणि त्यातला काही खिडकीतून परत येतो. नवीन चूल विकत घेताना भारतीय मानकाचा 'आय.एस. १३१५२' हा शिक्का पाहा.

इथे हात थांबवा

पाइप करडा, सिमेंटसारखा आणि जुना असेल तर तो ॲस्बेस्टॉसचा धरून चाला. कापू नका, घासू नका, फोडू नका. तंतू फुप्फुसात जातात. काढायचं काम अनुभवी माणसाकडून, ओलं करून, अख्खा तुकडा उतरवून. तशाच सिमेंटच्या पत्र्यांवर पाय ठेवून चढू नका, ते खाली कोसळतात.

चकाकणारी काजळी, पाइपात एकदा लागलेली आग, चुलीमागच्या भिंतीत उभी भेग, पाइपाजवळ काळवंडलेला वासा, छपरातून नवीन वाट काढणं: ही कामं गवंडी आणि पत्रेवाल्याची. पाइप आणि लाकडी वासा यांत दीड फूट अंतर हवं, नसेल तर मधे पत्र्याची दुहेरी नळी आणि हवेची पोकळी. पीव्हीसीचं छत किंवा फायबरचा पत्रा असेल तर तेवढा भाग काढून लोखंडी पत्रा बसवल्याशिवाय पाइप त्यातून न्यायचा नाही. सगळ्या तपासण्या करूनही उदबत्तीची रेघ बाहेर येत असेल तर चूल वापरणं थांबवून माणूस बोलवा.

काम झालं की पैसे चुकते करण्याआधी कारागिरासमोर चार गोष्टी करून पाहा. दारं-खिडक्या बंद, पंखा सुरू, आणि चुलीच्या तोंडाशी उदबत्ती. जाळी पुरेशी असेल तर रेघ आतच जाते. मग ओला पाला जाळून दाट धूर करा आणि बॅटरीच्या उजेडात प्रत्येक सांधा पाहा. तासभर पूर्ण जाळ चालवून पाइपाजवळच्या वाशावर तळहात ठेवा. हात मागे घ्यावा लागला तर अंतर कमी आहे. शेवटी छपरावरच्या कॉलरभोवती (पाइपाभोवतीच्या पत्र्याच्या पट्टीभोवती) बादलीभर पाणी ओतायला सांगा. गळालं तर तिथल्या तिथे पट्टी बदलून घ्या, पावसात कारागीर मिळत नाही.